छापील भाव आणि जुन्नरची नाणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्या घरांचे तीन-चार पिढ्यांचे सामान अद्यापि एका छपराखाली आहे, त्या घरांच्या देव्हाऱ्यात, माजघरातील पेटीत अथवा एखाद्या पितळी डब्यात थोडीबहुत जुनी नाणी बहुधा निघतातच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती ताम्हनात मांडावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात ठेवावयाची, एवढाच त्यांचा व्यवहार. पूर्वी त्यांच्याविषयी घरात एकच प्रश्न विचारला जाई, तो म्हणजे ही कोणाच्या वेळची? अलीकडे त्याच्या आधी दुसरा प्रश्न येऊ लागला आहे: ही केवढ्याला जातील? घरातील एखादा हुशार मुलगा किमतींचे पुस्तक उघडून एक आकडा वाचून दाखवितो. आणि कालपर्यंत ज्या डब्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्या वाटणीची भाषा सुरू होते. हा छापील आकडा कसा ठरतो आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार आज करावयाचा आम्ही योजिला आहे.

वस्तूचा भाव ठरविण्यास पुस्तकच लागते असे नाही. आमच्या या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींचे वेड मोठे. घाटात गाडा किती सेकंदांत वर गेला, हे हजारो डोळ्यांदेखत ठरते, आणि त्या सेकंदांवरून बैलाचा भाव दुसऱ्याच दिवशी गावोगाव पोहोचतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती बंद पडल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात बैल तोच, त्याचे रक्त तेच; परंतु घाटच बंद असल्यावर शर्यतीचा भाव द्यावयाचा कोणी आणि कशासाठी? भाव वस्तूच्या अंगी जन्मतः नसतो, घेणाऱ्याच्या इच्छेत असतो, हे आमच्या शेतकऱ्यास कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक आहे. मात्र जेथे घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत नाहीत, शेकडो कोसांवरून व्यवहार होतो, तेथे ही तोंडी माहिती पुरत नाही. आणि तेथेच किमतींच्या पुस्तकाचा जन्म होतो.

पोस्टाच्या तिकिटांची आपली पहिली किंमतयादी इंग्लंडच्या स्टॅन्ली गिबन्स यांनी १८६५ साली काढली. अमेरिकेतील नाण्यांचे आर. एस. योमन यांचे सुप्रसिद्ध भावपुस्तक १९४६ साली निघाले. परंतु या शास्त्राचा सर्वांत नवलाचा विस्तार झाला तो खेळाडूंच्या चित्रांच्या बाबतीत. सिगारेटच्या पाकिटात कडकपणासाठी पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली की गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेई, ही युक्ती व्यापाऱ्यांस लवकरच सुचली. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंचा असा संच काढला. पुढे सिगारेटची जागा चघळण्याच्या गोळीने घेतली, आणि आपल्याकडच्या मुलांनीही त्या गोळीच्या वेष्टनातील क्रिकेटपटू जमवून सवंगड्यांशी अदलाबदल केलेली आहे. अमेरिकेत या चित्रांची पद्धतशीर यादी जेफर्सन बर्डिक नावाच्या गृहस्थाने १९३९ पासून छापण्यास आरंभ केला. त्याचा स्वतःचा तीन लाखांहून अधिक चित्रांचा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९ ते १९११ या काळातील सिगारेटचित्र बर्डिकच्या यादीत ५० डॉलरांस नोंदलेले होते. त्यातीलच एक प्रत २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली.

या चित्रांच्या किमतीस शास्त्राचे रूप दिले ते जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने. त्याने संग्राहकांस प्रश्नपत्रिका पाठवून, कोणते चित्र कोणास केवढ्यास पडले याची माहिती मागविली, ती एकत्र केली आणि १९७९ साली सहकाऱ्यासह भावपुस्तक काढले. १९८४ पासून त्याचे मासिकच निघू लागले. त्यात एकेका चित्रापुढे एक चढा व एक उतरता असे दोन भाव दिलेले असत. वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हे आकडे कोणा तज्ज्ञाने चित्राकडे पाहून स्वतःच्या मनाने ठरविलेले नव्हते. झालेल्या विक्रीचा तो गोषवारा होता. चांगले भावपुस्तक म्हणजे काल काय घडले याची नोंद होय. उद्या आपणांस काय मिळेल याचे ते वचन नव्हे.

हा गोषवारा चार गोष्टींवर उभा असतो. पहिली, वस्तू नेमकी कोणती, म्हणजे कोणत्या वर्षाची, कोणत्या छापाची. दुसरी, तिच्या किती प्रती शिल्लक आहेत. तिसरी, ती किती जणांस हवी आहे. चौथी, ती कोणत्या अवस्थेत आहे. यांपैकी अवस्थेचा प्रभाव सामान्य माणसास खरा वाटणार नाही इतका मोठा असतो. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले मिकी मँटल या खेळाडूचे चित्र घ्या. न खपलेल्या प्रतींच्या पेट्याच्या पेट्या आपण १९६० साली समुद्रात टाकून दिल्या, असे त्या कंपनीच्या जुन्या अधिकाऱ्यानेच पुढे सांगितले. त्यामुळे चित्र दुर्मिळ झाले. त्याची जवळजवळ निर्दोष अशी एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांस गेली. त्याच चित्राच्या कोपरे झिजलेल्या, घडी पडलेल्या प्रती याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी किमतीस मिळतात. चित्र तेच, खेळाडू तोच, वर्षही तेच. फरक केवळ चार कोपऱ्यांचा.

अवस्था मोजण्याची ही पद्धत मूळची नाण्यांची आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. तिची कल्पना मोठी सुटसुटीत होती. ओळख पटण्यापुरतेच उरलेले झिजके नाणे १ अंकाचे, टाकसाळीतून पडले तसे निर्दोष नाणे ७० अंकांचे. आणि मूळ किंमत ठाऊक असली की तिला अंकाने गुणावे, म्हणजे भाव निघाला. थोड्याच काळात भाव या गुणाकारास जुमानीनासे झाले, परंतु अंक मात्र राहिले. १९८६ पासून नाणी आणि १९९१ पासून खेळाडूंची चित्रे तपासून, अंक देऊन, पारदर्शक डबीत कायमची बंद करून देणाऱ्या मोठ्या संस्था अमेरिकेत निघाल्या. चित्रांसाठी ही मोजपट्टी १ ते १० अशी आहे.

आता या छापील भावाच्या मर्यादा पाहू. भावपुस्तकातील आकडा बहुधा दुकानदार ज्या किमतीस विकतो तो असतो; आपण विकावयास गेलो असता दुकानदार स्वतःचा नफा, भांडवल अडकण्याची जोखीम आणि खोटेपणाची शंका वजा करूनच बोलणार. शिवाय आकडा छापला की माणसे त्याच्या भरवशावर वस्तू साठवू लागतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत असेच झाले. घरोघरी मुलांच्या शिक्षणाची बेगमी म्हणून चित्रांची खोकी रचली गेली, कंपन्यांनीही मागणी पाहून अपरंपार छपाई केली. आणि शेवटी पुस्तकात भाव होता पण घेणारा नव्हता, अशी अवस्था झाली. आपल्याकडे या मोहाचे रूप निराळे. अमुक चित्राचे पाच रुपयांचे नाणे आणा आणि लाखो रुपये न्या, अशा जाहिरातींनी भोळ्या माणसांकडून आधी शुल्क म्हणून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले की, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेस जाहीर निवेदन काढून, आपण असा कोणताही व्यवहार करीत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही, असे सांगावे लागले.

हे सर्व आपल्या पितळी डब्यास लावून पाहू. डब्यात निघणारे तांब्याचे जाडजूड नाणे पुष्कळदा शिवराई असते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. महाराजांचे नाव पाहून घरातील मंडळींचा ऊर भरून येतो आणि भावही तसाच असेल असे वाटते. परंतु शिवराई पुढे पेशवाईत व इंग्रजी अमदानीतही बराच काळ चालत राहिली, त्यामुळे ती विपुल आहे, आणि सामान्य शिवराईचा बाजारभाव बेताचाच असतो. याउलट महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ; आणि तो दुर्मिळ म्हणूनच बनावट होनांचा सुळसुळाट झालेला आहे. तेव्हा श्रद्धा आणि दुर्मिळता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास आपण शिकले पाहिजे.

दुसरी गोष्ट घरातील स्त्रियांस विशेष सांगावयाची आहे. पूजेची नाणी चिंचेने व राखेने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडे रीत आहे. देवापुढे काही मळके ठेवू नये ही भावना योग्यच; परंतु जुन्या तांब्यावर शतकांनी चढलेला काळसर-हिरवट थर हा मळ नव्हे, ते त्याचे कवच होय. घासल्याने तो जातोच, शिवाय अक्षरांच्या कडाही जातात, आणि कोणतेही भावपुस्तक अशा नाण्यास फार खालच्या पंक्तीस बसविते. देवापुढे मांडावयास एखादे चालू नाणे घ्यावे. जुन्यास चिंच लावू नये.

याच प्रकारात पुतळ्यांची माळ येते. पुतळी हे मूळचे परदेशी सोन्याचे नाणे. व्हेनिसची नाणी व्यापारातून आपल्याकडे आली आणि येथल्या स्त्रियांच्या गळ्यात विसावली. नाण्यास कान जोडलेला अथवा भोक पाडलेले असले की भावपुस्तक त्याची किंमत एकदम उतरविते. त्याच्या दृष्टीने ते नाणे बिघडले. परंतु ज्या घरात ती माळ पणजीच्या गळ्यात होती त्या घरास विचारावे! त्या कानानेच तर ते नाणे आपल्या घरचे झाले. पुस्तक येथे खोटे बोलत नाही; ते परक्याच्या दृष्टीने बोलते, आणि त्यापुरतेच त्याचे ऐकावे.

परंतु छापील भावात जी सर्वांत मोठी उणीव आहे ती निराळीच, आणि जुन्नरच्या बाबतीत तिचे मोल फार. भावपुस्तकात नाण्याचे वजन, धातू, अक्षरे व अवस्था यांस रकाने असतात. ते कोठल्या जमिनीत सापडले यास रकाना नसतो. जुन्नरची भूमी म्हणजे काही सामान्य भूमी नव्हे. घाटमाथ्यावरील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि सहस्रावधी कार्षापण नाणी आकड्यांनिशी मांडलेली आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकात जमा होई, असे परंपरेने सांगतात. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत कासार, बुरूड व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची नावे येतात. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा ४६ या वर्षाचा लेखही येथेच आहे. आणि याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात ३५ कार्षापणांस १ सुवर्ण असा हिशेब कोरून ठेविला आहे. आमच्या मते महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या लिखित भावांत त्याची गणना व्हावी.

अशा भूमीतील नाणे आपल्या जागेवर, आपल्या सोबत्यांसह सापडले तर ते काय सांगू शकते, याची दोन उदाहरणे देतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तो १३,२५० हून अधिक नाण्यांचा होता, आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहन राजाने क्षत्रपांचा पराभव करून त्यांचे चलन आपल्या नावे केले, हे या साठ्याने डोळ्यांपुढे उभे केले. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळे येथे सातवाहनांच्या सुमारे १,६०० नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय मिराशी यांनी तो अभ्यासिला आणि पुराणांतील राजावलीत नसलेल्या सातवाहन राजांची नावे प्रथमच उजेडात आली. हीच नाणी सुटी सुटी होऊन बाजारात गेली असती, तर प्रत्येकास भावपुस्तकातील भाव मिळाला असता आणि इतिहासाचे पान मात्र कोरेच राहिले असते. नाणे विकत घेता येते. ते कोठे, कशासोबत सापडले ही माहिती एकदा हरवली म्हणजे कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

मग नांगराखाली नाणी निघाली की शेतकरी गप्प का बसतो? त्याचे एक कारण आम्हांस कायद्यातच दिसते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा साठा जमिनीत सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक आहे. त्यावर कोणाचा हक्क शाबीत न झाल्यास आणि उभयतांत निराळा करार नसल्यास तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचा व एक-चतुर्थांश जमीनमालकाचा, अशी वाटणी त्यात सांगितली आहे. परंतु सरकारास तो साठा हवा असल्यास किंमत द्यावयाची ती धातूच्या मोलावर एक-पंचमांश अधिक, एवढीच. आता सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाची. शिशाचे मोल ते किती आणि त्याचा पाचवा हिस्सा तो किती! बाजारात त्याच नाण्यास याच्या अनेकपट भाव आहे हे ज्यास कळले, तो कलेक्टराच्या कचेरीची पायरी का चढेल? इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने तज्ज्ञांची समिती बाजारभावाप्रमाणे बक्षीस ठरविते. आणि सापडलेल्या वस्तूची जागेसह नोंद करण्याची व्यवस्थाही तेथे १९९७ पासून सुरू झाली. आमच्या मते छापील भावाचा खरा उपयोग हाच आहे. त्याच्या आधारे शोधणाऱ्यास न्याय्य मोबदला द्यावा, म्हणजे वस्तूही राहील आणि तिची हकीगतही राहील. आपल्या कायद्यात अशी दुरुस्ती व्हावी, यासाठी सुशिक्षितांनी आवाज उठविणे अगत्याचे आहे. तोपर्यंत मात्र आहे तो कायदा पाळलाच पाहिजे, हे सांगणे नलगे.

जागेचे मोल काय असते, हे आंबेगावकरांस वेगळे सांगावयास नको. घोडेगावावरून ज्या भीमाशंकराच्या यात्रेस आपण जातो, तेथे १७२९ हे साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती आणविली. कासाराच्या तराजूत तिला धातूचा भाव येईल, परदेशच्या लिलावात जुन्या घंटेचा भाव येईल. परंतु वसईची हकीगत ती सांगते ती तेथे आहे म्हणून. आणि ज्या गावाने तालुक्यास नाव दिले ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या गावच्या मंडळींनी येताना जे काही सोबत आणिले असेल, त्यावर गावाचे नाव लिहून ठेविले नाही, तर पुढील पिढीस ते कोठून कळावे?

तेव्हा एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांस आमच्या काही सूचना आहेत. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. त्यावर ते कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणत्या शेतातून अथवा कोणाच्या माहेराहून आले हे शाईने लिहावे. नक्की ठाऊक नसेल तर “काकूंच्या सांगण्यावरून” असे प्रामाणिकपणे लिहावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावी, वजन टिपावे. शंका असल्यास विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात वा डेक्कन कॉलेजात, अथवा नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाणत्यांस विचारावे. परदेशी असलेल्या मुलाने आठवण म्हणून एखादे नाणे मागितले, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, हे त्यास प्रेमाने समजावावे आणि छायाचित्र पाठवावे.

राहता राहिली वाटणी. जमीन वाटावी, भांडी वाटावी. परंतु असा डबा वाटू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. छापील भावाने तो वाटावयास बसले, तर एकाच्या वाट्यास घासलेली शिवराई आणि दुसऱ्याच्या वाट्यास न घासलेली आली एवढ्यावरून भावांत अंतर पडेल; आणि ज्या आकड्यावरून भांडण झाले, त्या आकड्यास ते नाणे घेणारा कोणी भेटेलच असेही नाही. डबा एका घरी राहावा, पाकिटांवरील मजकुराची प्रत प्रत्येक घरी असावी, आणि लक्ष्मीपूजनास जे कोणी जमतील त्यांच्या मुलांना तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. पुढे सांभाळणारे कोणी उरले नाही, तर सारा डबा पाकिटांसह संस्थेस द्यावा. किमतीचे पुस्तक दर वर्षी नवे निघेल आणि त्यातील आकडे दर वर्षी बदलतील. पाकिटावरील दोन ओळी मात्र आज आपण लिहिल्या नाहीत तर त्या पुढे कोणीच लिहू शकणार नाही. म्हणून येत्या दिवाळीची वाट न पाहता त्या आजच लिहाव्या, एवढी आमची विनंती आहे.